भिंतीला हात लावण्याआधी

म्हातारी पडली ती पलंगावरून उतरताना, पायाने चप्पल चाचपताना. "जन्मभर वॉर्डात धावले तेव्हा पडले नाही आणि शेवटी स्वतःच्या चपलेनं पाडलं," असं ती हॉस्पिटलात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. ती नर्स होती, निवृत्त झालेली, त्यामुळे आपल्याला काय झालंय हे डॉक्टरांआधी तिलाच कळलं होतं. खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की घरी न्या, पण चाकाच्या खुर्चीतून. चालणं पुढचं पुढे.

खुर्ची आली आणि मग सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. बाथरूमचं दार इतकं अरुंद होतं की बादली घेऊन आत जायचं तर आधी बादली की आधी माणूस हे ठरवावं लागे. त्यातून उंबरठा उंच, आणि कमोड दारामागच्या कोपऱ्यात. खुर्ची आत जाणं शक्यच नव्हतं.

म्हातारीला दोन मुलगे. थोरला परदेशी, तो फोनवर हळहळायचा. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या बायकोला सासूपासून शेजारणींपर्यंत सगळे नुसतं 'धाकटी' म्हणत. ती एका लाँड्रीत इस्त्रीवर कामाला होती. मूलबाळ नव्हतं. घर पहिल्या मजल्यावर. खाली घड्याळजींचं दुकान आणि त्यामागेच त्यांचं राहणं. वर एक तरुण जोडपं आणि त्यांच्या जुळ्या मुली, नुकत्याच चालायला लागलेल्या. चालायला म्हणजे धावायलाच, कारण त्या वयात चालणं असं काही नसतंच.

"दार रुंद करतो," नवरा म्हणाला. "कमोड समोरच्या भिंतीला घेतो. आई खुर्चीतून थेट आत जाईल. दोन दिवसांचं काम."

धाकटीच्या लाँड्रीतल्या एका बाईच्या घरी असंच काम निघालं होतं आणि पुढे बरीच भानगड झाली होती. म्हणून नवऱ्याला न सांगता ती जेवणाच्या सुट्टीत नगरपालिकेच्या बांधकाम परवाना विभागात जाऊन आली. खिडकीमागे सर्दी झालेली एक बाई बसली होती. तिने नाक पुसत पुसत, रोज कित्येकदा म्हणत असावी तशा सुरात सांगितलं, "फरशी बदला, टाइल बदला, नळ बदला, कमोड त्याच जागी नवा बसवा, आम्हाला विचारायला येऊ नका. पण भिंतीला हात लावायच्या आधी यायचं. आणि सांडपाण्याचा पाइप जागचा हलवायच्या आधी यायचं. इंजिनिअरकडून नकाशा करून आणा."

"किती दिवस लागतील?"

"नकाशा नीट असला तर फार नाही."

"आणि नीट नसला तर?"

बाईने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "मग तो नीट होईपर्यंत."

संध्याकाळी तिने हे नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो हसला. चांगला माणूस होता तो, कामसू होता, आईवर जीव टाकायचा. पण हातात पाना आला की त्याला जग सोपं वाटायचं. "आपल्याच घरात, आपल्याच आईसाठी दार मोठं करायचं, तर त्या बाईची परवानगी? उद्या शिंकायचं झालं तर कुठल्या खिडकीवर जायचं?"

"शिंकेनं भिंत पडत नाही," धाकटी म्हणाली.

"मी माणसांना दहा-दहा मजले वर नेणारी यंत्रं दुरुस्त करतो. मला एक दार जमणार नाही?"

"दार जमेल हो. मी भिंतीचं म्हणतेय."

"आणि तो कागद येईस्तोवर आईनं काय करायचं? धरून बसायचं?"

हॉस्पिटलवाले खाट रिकामी करा म्हणून मागे लागले होते. नवऱ्याने एक गवंडी गाठून आणला. माणूस तोंडाळ आणि हसरा. त्याला काहीही विचारा, तो "होऊन जाईल" म्हणायचा. त्याने आधी कमोड उचकटून बाहेर काढला, मग पाइप तोडला, आणि मग घणाने दाराच्या बाजूची भिंत फोडायला घेतली. घरभर लाल धूळ. धाकटीने घडी करून ठेवलेल्या चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या.

म्हातारी घरी आली तेव्हा दोन दिवसांचं काम पाचव्या दिवसात होतं आणि बाथरूमच्या जागी एक भगदाड होतं. तिची खाट बाहेरच्या खोलीत मांडली होती. तिने खुर्चीतूनच भगदाडाकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाली, "अरे, मला आत जायचंय, हत्तीला नाही."

ती चीर धाकटीला दिसली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. भगदाडासमोरच्या, घरात शिरायच्या बोळात, छताला, भिंतीपासून आडवी गेलेली. तिने स्टुलावर चढून नख घालून पाहिलं, नखाची कड आत गेली. वर मुली धावल्या की त्या चिरेतून पिठासारखी पांढरी भुकटी पडायची. तिने नवऱ्याला बोलावून दाखवलं.

"प्लास्टरची चीर आहे. घण बसला की पडतातच."

संध्याकाळी लाँड्रीतून आल्यावर ती पुन्हा स्टुलावर चढली. आता नख सबंध आत जात होतं. तिने पुन्हा सांगितलं. नवरा त्रासलेला होता, एका इमारतीत लिफ्ट अडकली म्हणून दिवसभर तारांना लोंबकळून आला होता. "सोमवारी गवंडी बीम टाकतोय," तो म्हणाला. "बीम पडला की चिंता मिटली. तू उगाच आईसमोर घाबरवू नकोस."

"ती भिंत वरचं ओझं पेलत असली तर?"

"तू इस्त्री कर गं तुझी," तो म्हणाला. रागाने नाही, थकून. पण बोलला ते बोललाच.

रविवारी वरची मुलींची आई जिन्यात भेटली. कडेवर एक, हाताला एक. म्हातारीची चौकशी केली आणि जाता जाता म्हणाली, "ताई, तुमची दारं लागतात का हो नीट? आमचं स्वयंपाकघराचं दार परवापासून खाली घासतंय. जोर लावल्याशिवाय मिटतच नाही."

धाकटी वर गेली, त्या दाराला हात लावून आली, आणि नवऱ्याला तिसऱ्यांदा म्हणाली, "अहो, वरची जमीन खचतेय. उद्या गवंड्याला आणखी फोडू देऊ नका. आधी कुणाला तरी दाखवू या."

"कुणाला तरी म्हणजे त्या खिडकीतल्या बाईला? मग काम थांबलं म्हणून समज. आणि आई?"

सोमवारी सकाळी तो कामावर गेला. जाताना गवंड्याच्या नावे निरोप ठेवून गेला की आल्या आल्या उरलेल्या विटा काढ. धाकटी स्वयंपाकघरात उभी राहिली. वर मुली धावत होत्या, धुडूम धुडूम. तिने फोन उचलला, नगरपालिकेचा नंबर लावला, आणि हळू आवाजात सांगितलं की अमुक पत्त्यावर विनापरवाना भिंत पाडताहेत आणि वर लहान मुलं आहेत. पलीकडच्याने नाव विचारलं.

"नाव सांगायलाच हवं का?"

"नाही. पत्ता पुरे."

पत्ता तिने पुन्हा एकदा सांगितला. सांगताना जीभ अडखळली, कारण आजवर तो तिने फक्त टपाल मागवायला किंवा पाहुण्यांना बोलवायला सांगितला होता.

गवंडी यायच्या आधी तपासनीस आला. तरुण होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याने छताकडे पाहिलं, काही न बोलता वर गेला, आणि मुलींना उचलून आईबापांसकट खाली रस्त्यावर आणून उभं केलं. दुपारपर्यंत बोळात लोखंडी टेकू उभे राहिले, एकाला एक खेटून, आणि दारावर काम बंदची नोटीस लागली. नवरा धावत आला तेव्हा तपासनीस शेवटचा टेकू हाताने हलवून पाहत होता.

"ही भिंत वरचं सगळं ओझं पेलतेय," तो म्हणाला. "आणखी थोड्या विटा निघाल्या असत्या तर वरची मंडळी तुमच्या बाथरूममध्ये आली असती."

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. पण माणसाला भीती आणि राग एकाच वेळी आले की तो रागच उचलतो, कारण तो धरायला सोपा. "मग आता लगेच बीम टाकू द्या."

"नकाशा आणा. मंजूर झाला की टाका."

"निदान कमोड तरी जुन्या जागी बसवू द्या. आई आहे माझी आत. तिला लागतो."

"पाइप त्याच भिंतीखालून जातो. बीम पडल्याशिवाय त्या टेकूंखाली मी कुणालाही खणू देणार नाही." मग जरा थांबून, खाली बघत म्हणाला, "म्हणूनच आधी यायचं असतं हो."

"तक्रार कुणी केली?"

"ते आम्ही सांगत नाही."

नवऱ्याने सांगायची वाटही पाहिली नाही. त्याची नजर जमिनीकडे गेली, म्हणजे खालच्या मजल्याकडे. फार पूर्वी ह्यांच्या बाथरूमचं पाणी झिरपून घड्याळजींच्या भिंतीवरची दोन जुनी घड्याळं खराब झाली होती. तेव्हापासून बोलणं बंद. धाकटीने तोंड उघडलं आणि मिटलं. आज नको, ती मनात म्हणाली, आज तो तापलाय. उद्या सांगू. पण जे उद्या सांगायचं असतं, ते परवावर ढकलायलाही फारसे कष्ट पडत नाहीत.

मग ते दिवस सुरू झाले. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात भोकाची खुर्ची आणि तिच्याखाली भांडं, समोर दोरीवर चादर. आंघोळ स्वयंपाकघरात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून. दोघं नवरा-बायको शेजारच्या इमारतीत ओळखीच्यांकडे जाऊन यायची. म्हातारीला जाणं शक्य नव्हतं. थोरल्याने फोनवर सुचवलं की काही दिवस एखाद्या शुश्रूषागृहात ठेवा. म्हातारी म्हणाली, "मी तिथंच जन्म काढलाय. आता माझ्या घरी मला राहू द्या."

ती हसायची, टोमणे मारायची, पण त्या चादरीमागे जाताना तिचा चेहरा मिटून जायचा. एकदा भांडं उचलणाऱ्या धाकटीला ती म्हणाली, "हजार माणसांना मी असं भांडं दिलं असेल. दर वेळी म्हणायचे, 'लाजू नका हो, त्यात काय लाजायचं.' किती मूर्खासारखं बोलत होते मी."

मुलगा घरात असला तर ती जातच नसे. आणि जावं लागू नये म्हणून तिने पाणी पिणं कमी केलं. चहा अर्धा ठेवायची, पेला भरलेला तसाच असायचा. धाकटी पेला हातात द्यायची, ती दोन घोट घ्यायची आणि "ठेव, पिते नंतर" म्हणायची. नर्सला यातलं कळत नव्हतं असं थोडंच होतं! पण लाज ही अशी चीज आहे की ती माणसाचं शिक्षण मानत नाही.

नकाशा झाला. तो परत आला, कारण नव्या पाइपचा उतार त्यात दाखवला नव्हता. पुन्हा झाला. मग ज्याची सही लागायची तो अधिकारी रजेवर होता. खिडकीतली बाई वाईट नव्हती. धाकटीने सासूचं सांगितलं तेव्हा तिने तो नकाशा गठ्ठ्यातून काढून सगळ्यात वर ठेवला. पण तिच्या मागच्या टेबलावर आणखी एक गठ्ठा होता, आणि त्याच्यामागे आणखी एक.

एका सकाळी स्वयंपाकघरात धाकटी सासूचे केस धूत होती. म्हातारीने डोळे मिटून घेतले होते. अचानक म्हणाली, "फोन तू केलास ना?"

धाकटीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"खाट इथून किती लांब आहे? आणि तुझा हळू आवाज म्हणजे इस्त्रीवाल्यांचा हळू आवाज. वाफेवर ओरडायची सवय तुम्हाला."

"आई, मी..."

"पाणी ओत. गार होतंय." धाकटीने पाणी ओतलं. म्हातारीने चेहऱ्यावरचं पाणी हाताने निपटलं. "बरोबर केलंस. वरच्या पोरींना काही झालं असतं तर मला ह्या खुर्चीत बसवलं नसतं. तूच शहाणपण केलंस ह्या घरात." मग डोळे न उघडता ती म्हणाली, "पण त्याची किंमत मी मोजतेय गं. रोज, त्या चादरीमागे. तेवढं विसरू नकोस."

धाकटी खुर्चीमागे उभी राहून रडली. म्हातारीला ते कळलं असावं, पण तिने वळून पाहिलं नाही. मान तिची फारशी वळतही नव्हती.

आठवडाभराने तिला थंडी वाजून ताप भरला. दुपारी ती वेगळंच बोलायला लागली, मुलाला डॉक्टर समजून कुठल्याशा खाटेवरच्या रुग्णाची माहिती देऊ लागली, नीट, क्रमाने, ड्यूटी संपवून निघताना द्यावी तशी. हॉस्पिटलात नेलं. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग वर मूत्रपिंडात गेला होता, तिथून रक्तात पसरला होता. "पाणी पीत नव्हत्या का?" डॉक्टरांनी विचारलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. मुलगा तिचा हात धरून बसला होता आणि हात गार होईपर्यंत त्याला कळलं नाही.

सगळं आटोपून लोक घरी भेटायला येऊ लागले. टेकूंमुळे बोळ अडला होता, माणसं अंग चोरून आत येत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालचे घड्याळजी वर आले. जुनं भांडण बाजूला ठेवून आले, धुतलेला सदरा घालून, दारात चपला काढून. "फार वाईट झालं," एवढंच ते म्हणाले. नवरा उठला. भरल्या घरात त्याने त्या म्हाताऱ्या माणसाचा सदरा गळ्याशी धरला आणि त्याला मागच्या भिंतीवर दाबलं.

"समाधान झालं? फोन करताना घड्याळांचा सूड घेतला ना? माझी आई मेली तुमच्यामुळे!"

घड्याळजींचा चष्मा खाली पडला. ते नुसते "कसला फोन? अहो, कसला फोन?" म्हणत राहिले.

"त्यांना सोडा," धाकटी म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग ती वाफेवरच्या आवाजात ओरडली, "सोडा त्यांना! नगरपालिकेला फोन मी केला होता."

नवऱ्याने हात काढला. घड्याळजींनी वाकून, चाचपत चष्मा उचलला, डोळ्यांवर लावला, आणि कुणाकडेही न बघता खाली गेले. एकेक करून बाकीचे लोकही उठले. वरची मुलींची आई तेवढी धाकटीजवळ थांबली, तिने तिचा हात दाबला, आणि नवऱ्याचं लक्ष गेल्यावर तीही निघून गेली.

"मला सांगता आलं नसतं?" दोघंच उरल्यावर तो म्हणाला.

"तीनदा सांगितलं."

तो उठून आईच्या खाटेवर जाऊन आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून. त्या रात्रीपासून तो तिथेच झोपू लागला.

परवाना त्याच महिन्यात आला. काम आता पुरं करावंच लागणार होतं, नोटिशीत तसं होतं, आणि टेकू कायमचे ठेवता येत नव्हते. दुसरा गवंडी आला, बीम पडला, तपासनीस येऊन पाहून गेला, मग पाइप, मग टाइल. नवऱ्याने दार ठरल्याप्रमाणे रुंदच ठेवलं, कमोडशेजारी धरायचे दांडेही लावले. नकाशात होते म्हणून लावले, असं त्याने विचारणाऱ्याला सांगितलं. तो धाकटीशी बोलायचा, पण कामापुरतं. दूध संपलंय. पाणी सोड. उद्या उशीर होईल. तिनेही यापेक्षा जास्त मागितलं नाही. एकदा ती घड्याळजींकडे माफी मागायला गेली. त्यांनी दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "तुमचं काही नाही बाई. पण त्याला सांगा, माझ्या दारात यायचं नाही." तिने तसं सांगितलं. त्याने मान हलवली.

काम संपल्यावर बऱ्याच दिवसांनी, एका रविवारी, ती चादरींच्या घड्या घालत होती. तो दारात येऊन उभा राहिला.

"आईला माहीत होतं? फोनचं?"

"हो."

"काय म्हणाली?"

तिच्या मनात आलं, अर्धंच सांगावं. अर्धं सांगितलं असतं तर तिची सुटका झाली असती. दुसरं अर्धं सांगितलं असतं तर त्याला तिला दोष द्यायला कायमची मुभा मिळाली असती. तिने हातातली चादर खाली ठेवली आणि सासूचे शब्द जसेच्या तसे, सगळे, त्याच क्रमाने सांगितले. चादरीमागचंसुद्धा.

तो ऐकत राहिला. मग खाली बसला, चौकटीला पाठ टेकून, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडला, लहान मुलासारखा, नाक वर ओढत. धाकटी जागची उठली नाही. त्याच्याजवळ जावं असं तिला वाटलं आणि जाऊ नये असंही वाटलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मी असताना जायचीच नाही ती. मला माहीत होतं. म्हणून मी उशिरा घरी यायचो."

"मला माहीत नव्हतं हे," ती म्हणाली.

"आणि मला वाटायचं, ती मी नसताना पीत असेल पाणी."

धाकटीने पुढची चादर हातात घेतली. डबल चादर होती, एकटीने घडी होईना. तो उठला, डोळे पुसले, आणि दुसरी दोन टोकं धरून उभा राहिला.